फोन ऐकायची परवानगी देणारे आणि ती तपासणारे एकाच मंत्रालयात का?

करवीर_वकील (धागाकर्ती)

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. त्यासाठी सहा जिल्ह्यांनी किती वर्षं आंदोलन केलं हे इथल्या लोकांना सांगायला नको. आता फोन टॅपिंगच्या आदेशाला आव्हान द्यायचं असो, इंटरनेटबंदीविरुद्ध याचिका असो, रात्रीची मुंबईची गाडी धरावी लागत नाही. म्हणून हा विषय आपण कोल्हापुरात बसून बोलावा असं मला मनापासून वाटतं.

आधी माझी बाजू सांगते. दहशतवाद रोखायला पोलिसांना फोन ऐकायचा अधिकार हवा, याबद्दल मला शंका नाही. २६/११ ला ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊसमधले अतिरेकी पाकिस्तानातल्या सूत्रधारांशी फोनवर बोलत होते. आपल्या यंत्रणांनी ते ऐकलं, आणि पुढे खटल्यात ते संभाषण पुरावा म्हणून उभं राहिलं. १६६ माणसं मेली त्या हल्ल्यात. तेव्हा कान बंद ठेवा असं कोणी म्हणत असेल तर मी त्याच्या बाजूने नाही.

माझी हरकत त्यापुढची आहे. हा अधिकार मूळ १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातला. त्यावर कसलेच नियम नव्हते. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा बंधनं घातली: आदेश गृहसचिवाचाच हवा, तो दोन महिन्यांत संपतो, वाढवला तरी सहा महिन्यांच्या वर नाही, आणि एक समिती त्याचा आढावा घेईल. याचिकाकर्त्यांनी आणखी एक गोष्ट मागितली होती, की आधी न्यायाधीशाची परवानगी असावी. न्यायालय म्हणालं, कायद्यात तशी तरतूद नाही, आम्ही ती घालू शकत नाही. ती तरतूद संसदेने नंतरही घातली नाही. २००७ चे नियम आले, २०२३ चा दूरसंचार कायदा आला, डिसेंबर २०२४ मध्ये त्याखालचे नवे नियम आले. चौकट तीच राहिली. राज्यात गृहसचिव आदेश देतात. आढावा समितीचे अध्यक्ष मुख्य सचिव, सोबत विधी सचिव आणि गृह सोडून दुसऱ्या खात्याचे एक सचिव. बाहेरचं माणूस एकही नाही.

आता ही समिती काय करू शकते ते बघा. डेटा संरक्षणावरच्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात माहिती अधिकारात मिळालेला आकडा दिला आहे. केंद्राकडून महिन्याला सरासरी ७,५०० ते ९,००० आदेश निघत होते. केंद्राची आढावा समिती बसते दोन महिन्यांतून एकदा. म्हणजे एका बैठकीपुढे १५,००० ते १८,००० आदेश. एका आदेशाला एक मिनिट म्हटलं तरी अडीचशे तास लागतील. याला आढावा म्हणायचं का?

आणि ज्याचा फोन ऐकला त्याला हे कधीच कळत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये विनीत कुमार प्रकरणात टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. लाचेच्या प्रकरणात सार्वजनिक सुरक्षिततेचं कारण लावलं होतं, ते टिकलं नाही. पण त्या माणसाला आव्हान देता आलं, कारण तो आरोपी झाला आणि कागद हाती आले. ज्याच्याविरुद्ध काहीच निघालं नाही तो निर्दोष माणूस न्यायालयात जाणार तरी कशाच्या जोरावर?

माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. परवानगीवर सही न्यायाधीशाचीही हवी. आणि काही निष्पन्न झालं नाही तर ठरावीक काळाने त्या माणसाला कळवावं. पोलिस खात्यात काम केलेल्यांनी जरूर लिहावं, तुमचं म्हणणं मला ऐकायचं आहे.

निवृत्त_अंमलदार

मॅडम, तुम्ही खात्याला बोलवलंत म्हणून लिहितो. सारी नोकरी याच पट्ट्यात गेली, त्यातली बरीच वर्षं स्थानिक गुन्हे शाखेत.

लोकांना वाटतं पोलिस हेडफोन लावून बसलेत. प्रत्यक्षात ऐकण्याचं काम फार थोडं असतं. आमचं रोजचं काम म्हणजे सीडीआर (कॉलच्या नोंदी), लोकेशन आणि टॉवरचा डम्प. कुठला नंबर कुठल्या नंबरशी किती वाजता बोलला, रात्री कुठल्या टॉवरखाली होता. निम्मे गुन्हे त्यावर उघड होतात. त्याला गृहसचिव लागत नाही, अधीक्षकांच्या पातळीवर होतं.

आता तुमच्या मागणीबद्दल. पहिली अडचण वेळेची. खबर रात्री दोनला येते. संशयित कागलचा नाका ओलांडून निपाणीकडे गेला की सिम बदलतो. तेव्हा मी न्यायाधीशांच्या दारात जाऊन काय सांगू? दुसरी अडचण खबऱ्याची. अर्जात लिहावं लागणार की माहिती कोणाकडून आली. कागद जितक्या हातांतून जाईल तितकी फुटायची शक्यता. खबऱ्याचा जीव जातो हो, आणि त्याच्या बायकापोरांकडे नंतर कोणी बघत नाही. हे कायद्याच्या पुस्तकात येत नाही म्हणून सांगितलं.

करवीर_वकील

काका, इतक्या मोकळेपणाने लिहिलंत, आभार. खबऱ्याचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. अर्जात नाव येता कामा नये, आणि सुनावणी बंद दाराआडच हवी.

वेळेबद्दल मात्र थोडं वेगळं म्हणते. तातडीची सोय आजच्या नियमातही आहे. तशी वेळ आली तर राज्यात महानिरीक्षक किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी आदेश देतो, कामकाजाच्या तीन दिवसांत गृहसचिवांना कळवतो आणि कामकाजाच्या सात दिवसांत त्यांनी मंजुरी दिली नाही तर ऐकणं थांबतं. मी म्हणते हीच सोय ठेवा, फक्त सात दिवसांनी मंजुरी देणारा बदला. रात्री दोनला तुम्हाला कोणीच अडवणार नाही. ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्यापासून मंत्र्याच्या सहीवर न्यायिक आयुक्ताची मान्यता लागते आणि तातडीच्या वेळी ती तीन कामकाजाच्या दिवसांत नंतर घेतात. दहशतवादाची झळ त्यांनाही कमी बसलेली नाही.

लक्ष्मीपुरी_पेठ

आम्ही कायद्याची माणसं न्हवं, पण एक सांगायचं हाय. ७ जून २०२३ ला स्टेटसवरनं गाव पेटलं, शिवाजी चौकात दगडफेक झाली, लाठीमार झाला आणि नेट बंद झालं. आमचं होलसेलचं दुकान. गिऱ्हाईक दारात, माल गाडीत भरलेला आणि पैशे द्यायचे कसे? कुणाकडं रोख न्हवती. ज्यांचा दंगलीशी काडीचा संबंध न्हवता त्यांचाबी धंदा बसला. दवाखान्यात ॲडमिट असलेल्या माणसाच्या घरच्यांना पैशे पाठवता आले न्हाईत.

दंगल थांबवायला बंद केलं असंल तर ठीक, अफवा लई वंगाळ असतात हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय. पण आदेश कुणी काढला, किती वेळासाठी, हे दुकानदाराला कुठं बघायला मिळतं? आम्ही एकमेकांना विचारत बसलो.

आणि एक. त्या आठवड्यात आमच्या भाच्याचा फोन चौकात घेऊन गॅलरी, व्हॉट्सॲप सगळं उघडून बघितलं. पोरगं अकरावीत. काय सापडलं न्हाई, फोन परत दिला. पण घरी आल्यावर त्यानं सगळी चॅटं पुसली, आज्जीचे फोटोसुद्धा. का पुसलं म्हटलं तर म्हणतो, भीती वाटती. आम्ही मुसलमान हाय, म्हणून त्याला जास्त वाटती, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

करवीर_वकील

दादा, तुमच्या भाच्याबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येईल. इंटरनेटबंदीचा प्रत्येक आदेश प्रसिद्ध केलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० ला अनुराधा भसीन प्रकरणात सांगितलं. बंदी तात्पुरती आणि गरजेपुरतीच हवी, आणि तिला न्यायालयात आव्हान देता आलं पाहिजे. नोव्हेंबर २०२४ च्या नियमांत तर कारण, भाग आणि मुदत लेखी देऊन आदेश प्रसिद्ध करायचा असं स्पष्ट आहे, आणि मुदत पंधरा दिवसांच्या वर नाही. पुन्हा असं झालं तर जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज देऊन आदेशाची प्रत मागा. मला कळवा, अर्ज मी लिहून देईन.

राष्ट्र_प्रथम

धागा वाचतोय. सगळे हक्कांबद्दल बोलताहेत, मेलेल्यांबद्दल कोणी बोलेना. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ जणांना मारलं, त्यातले सहा आपल्या महाराष्ट्राचे. डोंबिवली, पुणे, पनवेलची माणसं, बायकापोरांसमोर. त्यांना जगण्याचा हक्क नव्हता का?

माझं म्हणणं साधं आहे. कर नाही त्याला डर कशाला? माझा फोन ऐका, मला काही फरक पडत नाही. घरचं बोलणं, बाजारभाव, क्रिकेट, याशिवाय त्यात काय मिळणार? चार निर्दोष लोकांचे फोन ऐकून एक बॉम्ब पकडला जात असेल तर मी त्या चौघांतला एक व्हायला तयार आहे. न्यायाधीश, समिती, नोटीस हे सगळं करत बसलो तर पुढच्या हल्ल्यानंतर परत मेणबत्त्या घेऊन उभे राहू.

निर्भय_पहाट

राष्ट्र_प्रथम, पहलगामबद्दल तुमच्या मनात जे आहे तेच माझ्याही मनात आहे. पण "कर नाही त्याला डर कशाला" हे कोल्हापुरात म्हणताना जरा थांबा.

१६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून घरी परतताना गोविंद पानसरे आणि उमाताईंवर गोळ्या झाडल्या. २० तारखेला कॉम्रेड गेले. त्यांनी काय केलं होतं? भाषणं दिली, पुस्तकं लिहिली, टोल आंदोलनात उतरले, कामगारांच्या केसेस लढले. "कर" काहीच नव्हता. त्यानंतर आम्ही निर्भय मॉर्निंग वॉकला चालत होतो तेव्हा साध्या वेशातली माणसं कडेला उभी असायची. आमच्या रक्षणासाठी असतील, असं मी धरून चाललो. पण आमच्यातल्या एका आजोबांनी मला विचारलं होतं, "ही नजर मारेकऱ्यांवर का नव्हती रे?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अधिकार कमी पडले म्हणून तो खून झाला असं मला वाटत नाही. टॅपिंगचा कायदा होता, संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का होता, दहशतवादविरोधी यूएपीए होता. एसआयटी झाली, २०२२ मध्ये तपास एटीएसकडे गेला. दहा वर्षांत खटला संपला नाही, म्हणून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने दीर्घ कारावासाच्या कारणावरून आरोपींना जामीन दिले. बातमी वाचली त्या दिवशी जेवण गेलं नाही. तरीही त्या जामिनाला मी चूक म्हणणार नाही. खटल्याविना माणूस वर्षानुवर्षं आत ठेवू नये, हे आपण एल्गार परिषदेच्या आरोपींसाठी म्हणतो, तर यांच्यासाठीही म्हटलंच पाहिजे. दाभोलकरांच्या खटल्यात मे २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, ती खुनासाठी. यूएपीएचा आरोप सिद्ध झाला नाही, तिघे सुटले. कडक कायद्याचं नाव लावलं म्हणून तपास कडक होत नाही.

दप्तरखाना

थोडं मागचं सांगतो, अवांतर वाटलं तर क्षमा असावी.

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. अमुक जातीत जन्मला म्हणजे संशयित. रोज पोलिस पाटलाकडे हजेरी, गाव सोडायचं तर परवाना. कर आणि डर यांचा तिथे काही संबंधच नव्हता, जन्म पुरेसा होता. करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार, मांग, रामोशी, बेरड यांची ही हजेरी बंद केली. इंग्रज सत्ता डोक्यावर असताना. साऱ्या देशातून तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं.

चोऱ्या होत नव्हत्या म्हणून महाराजांनी हजेरी उठवली असं नाही. चोऱ्या होतच होत्या. चोराला पकडा, जातीला नको, एवढाच हुकूम होता. लक्ष्मीपुरी_पेठ यांच्या भाच्याची गोष्ट वाचली आणि हे आठवलं.

करवीर_वकील

दप्तरखाना, अवांतर अजिबात नाही. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा कसोट्या सांगितल्या: कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय गरजेच्या प्रमाणात हवा. सरसकट नजर तिसऱ्या कसोटीवर अडकते. ठरावीक माणूस, ठरावीक कारण, ठरावीक मुदत असेल तर माझा विरोध नाही.

निवृत्त_अंमलदार

निर्भय_पहाट यांचं वाचलं. आत लागलं. एक गोष्ट खात्यातला माणूस म्हणून लिहावीशी वाटते.

टाडा आणि पोटा या आता नसलेल्या दहशतवादविरोधी कायद्यांत अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा धरायचे, मोक्कात आजही धरतात. साध्या गुन्ह्यात पोलिसापुढच्या कबुलीला काही किंमत नसते, इथे असते. आम्हाला हे मोठं हत्यार वाटायचं. पण ११ जुलै २००६ चे लोकल बॉम्बस्फोट बघा. १८० हून जास्त माणसं गेली. २०१५ मध्ये मोक्का न्यायालयाने बारा जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडलं. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, असं म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली आहे, पुढचं ते बघतील. पण एकोणीस वर्षांनी प्रश्न तसाच राहिला, की बॉम्ब ठेवले कोणी?

२००६ च्या मालेगाव स्फोटातही तेच. नऊ मुसलमान पोरं मोक्काखाली पकडली, २०१६ मध्ये न्यायालयाने आरोपमुक्त केली. २००८ च्या मालेगावात साध्वी प्रज्ञासिंह आणि कर्नल पुरोहित धरून सात जण, ३१ जुलै २०२५ ला सगळे निर्दोष. माणसं कुठल्याही धर्माची घ्या, मेलेल्यांच्या घरच्यांना काय मिळालं?

कबुलीवर भिस्त ठेवली की पंचनामा ढिला होतो, नमुने उशिरा जातात, सीडीआर वेळेत सील होत नाही. याउलट २६/११ ला रेकॉर्डिंग, डीएनए, सीसीटीव्ही, जप्ती असा पक्का पुरावा होता, कसाबचा खटला चार वर्षांच्या आत फाशीपर्यंत गेला. तेव्हा मी ऐकण्याच्या अधिकाराच्या बाजूने आहे आणि कबुलीच्या विरोधात. आवाजाचं रेकॉर्डिंग निदान खोटं ठरवून दाखवता येतं. बंद खोलीतली कबुली कशी तपासणार?

शेंडा_पार्क

काकांच्या शेवटच्या वाक्याला जोडून, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो म्हणून. डिजिटल पुरावा खोटा ठरवता येतो हे खरं, पण कधी? एल्गार परिषद प्रकरणात आरोपींच्या बाजूने एका अमेरिकी फॉरेन्सिक कंपनीने २०२१ मध्ये अहवाल दिला की लॅपटॉपमध्ये बाहेरून फाइली पेरल्या होत्या. एनआयएला ते मान्य नाही. खरं कोणाचं ते खटल्यात ठरेल. पण २०१८ पासून माणसं आत होती. फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, जामिनाची वाट बघत गेले. वकील मॅडम, जामिनाच्या वेळी हा अहवाल न्यायालय का बघत नाही?

दुसरं म्हणजे चौकातले कॅमेरे. महाद्वार रोडला, बिंदू चौकात कॅमेरे हवेतच, आमच्या घरातली चोरी त्यांच्यामुळेच उघड झाली. पण चित्रण किती दिवस ठेवतात, कोण बघतं, चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर जोडलंय का, हे नागरिकाला सांगणारा कायदा नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सरकार आपल्या कुठल्याही यंत्रणेला देशाच्या सुरक्षेच्या कारणावरून पूर्ण सूट देऊ शकतं. आणि माहिती आतून विकली गेली तर? २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी लोकांचे सीडीआर विकत घेणाऱ्या खासगी गुप्तहेरांना पकडलं होतं. नवऱ्याने बायकोचे, बायकोने नवऱ्याचे काढलेले. गोळा केलेली माहिती फुटतेच, हे गृहीत धरूनच आम्ही सिस्टिम बांधतो.

करवीर_वकील

शेंडा_पार्क, यूएपीएचं कलम ४३ड(५) त्याला कारणीभूत आहे. आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले तर जामीन नाही. २०१९ च्या वटाली निकालाने सांगितलं की जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची चिरफाड करू नका, सरकार पक्षाचे कागद जसे आहेत तसे धरा. म्हणजे चोरून ऐकलेलं संभाषण, लॅपटॉपमधली फाइल, जे काही असेल ते खोटं आहे हे दाखवायची संधी खटल्यात. खटला सुरू व्हायला सहा-सात वर्षं. आरोपपत्रालाच १८० दिवस मिळतात. २०२१ च्या नजीब निकालाने एक दार उघडलं, खटला लांबला तर घटनात्मक न्यायालय जामीन देऊ शकतं. तेच दार पुढे अनेकांना उपयोगी पडलं.

म्हणून मी सुरुवातीलाच न्यायाधीश मागते. पुरावा मागाहून तपासायची सोय कायद्याने इतकी पुढे ढकलली असेल, तर तो गोळा करतानाच कोणीतरी बाहेरच्याने बघितला पाहिजे.

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ११३ आलं. दहशतवादी कृत्याची व्याख्या यूएपीएसारखीच, पण तिथे जामिनाची ती भिंत नाही. गुन्हा कुठल्या कायद्याखाली नोंदवायचा हे अधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने ठरवायचं. कशाच्या आधारावर ठरवायचं, ते लिहिलेलं नाही. एका सहीत एका माणसाच्या आयुष्याची पाच-सहा वर्षं आहेत.

गडहिंग्लजची_लेक

राज्याच्या जनसुरक्षा कायद्याबद्दल, म्हणजे बेकायदा संघटनांवर बंदी घालायच्या कायद्याबद्दल, कोणी लिहिलं नाही अजून. मी कॉलेजात शिकवते. मुलं विचारतात की मोर्चाला गेलो तर पकडतील का. काय सांगू?

राष्ट्र_प्रथम

ताई, मुलांना घाबरवू नका. जुलै २०२४ च्या मसुद्यात "व्यक्ती आणि संघटना" असं होतं. संयुक्त समितीकडे १२,००० हून जास्त सूचना आल्या आणि ते बदलून कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना असं केलं. फौजदाराऐवजी उपअधीक्षक तपास करणार. संघटनेवर बंदीची खात्री करणाऱ्या सल्लागार मंडळावर निवृत्त न्यायमूर्ती आहेत. म्हणजे मॅडमना हवा तो न्यायाधीश इथे आहे की.

करवीर_वकील

माहिती बरोबर दिलीत, आणि हे बदल लोकांनी सूचना पाठवल्या म्हणून झाले, याचं मोल मी मानते. ताई, मोर्चाला जाणं गुन्हा नाही, असं मुलांना ठामपणे सांगा. माझी काळजी व्याख्येची आहे. सार्वजनिक व्यवस्था राखण्यात हस्तक्षेप करण्याची प्रवृत्ती असलेली कृती, कायद्याची अवज्ञा करायला प्रोत्साहन, असे शब्द बेकायदा कृत्याच्या व्याख्येत आहेत. मिठाचा सत्याग्रहसुद्धा यात बसवता येईल. "तत्सम" या शब्दाची हद्द कोण ठरवणार? आणि मंडळ संघटनेवरची बंदी तपासतं. तिच्या सभासदाचा फोन ऐकायचा की नाही हे त्याच्यापुढे येतच नाही.

राष्ट्र_प्रथम

ठीक. न्यायाधीशाची सही असावी, याला माझा विरोध नाही. काकांना चालत असेल तर मलाही चालेल. पण नंतर कळवायचं हे पटत नाही. स्लीपर सेलवाल्याला तुम्ही पत्र पाठवणार की सहा महिने तुझा फोन ऐकत होतो? तो बाकीच्यांना सावध करेल.

करवीर_वकील

तपास चालू असेल तर कळवायचं नाहीच. न्यायाधीशाने मुदत वाढवत राहावी, हवी तर वर्षानुवर्षं. अमेरिकेत साध्या गुन्ह्यांतल्या टॅपिंगला १९६८ पासून न्यायाधीशाचं वॉरंट लागतं, ऐकणं संपल्यावर ९० दिवसांत कळवावं लागतं, आणि कारण दाखवलं तर न्यायाधीश ते पुढे ढकलतो. किती वॉरंट निघाले याचा अहवाल दरवर्षी छापून येतो.

परदेशाचं सोडा. आपला मोक्का १९९९ चा, महाराष्ट्र विधिमंडळाने केलेला. त्यात फोन ऐकण्याच्या अर्जात लिहावं लागतं की तपासाचे दुसरे मार्ग करून बघितले का, आणि नसतील तर का नाही. शिवाय कलम २७ आहे: वर्षभरात किती अर्ज आले, किती मंजूर, किती नामंजूर, याचा अहवाल सरकारने दरवर्षी दोन्ही सभागृहांपुढे ठेवायचा. सुरक्षेला बाधक असेल तेवढा भाग वगळायची मुभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मोक्कातलं टॅपिंग वैध ठरवलं. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या आमदारांना जे सुचलं, ते २०२४ च्या नियमांत का नको?

लक्ष्मीपुरी_पेठ

ह्या कलम २७ चा अहवाल आमच्या आमदारास्नी विचारला तर चालंल काय?

करवीर_वकील

चालेल म्हणजे, विचाराच. मी एक पानाचं पत्र करते: कलम २७ चे मागच्या पाच वर्षांचे अहवाल सभागृहात ठेवले का, ठेवले असतील तर प्रत कुठे मिळेल. नावं, नंबर, तपास यातलं काही मागायचं नाही, फक्त आकडे. सह्या करायला कोण कोण तयार आहे ते इथे लिहा. सहा जिल्ह्यांतून आपापल्या आमदाराला गेलं तर अधिवेशनात तारांकित प्रश्न होऊ शकतो.

निर्भय_पहाट

माझी सही धरा. शाहूपुरीतून आणखी दहा-बारा मिळवतो.

राष्ट्र_प्रथम

आकडे मागायला हरकत नाही. माझीही धरा. पत्रात आधी दहशतवादात गेलेल्यांचा उल्लेख हवा, नाहीतर मी सही करणार नाही.

करवीर_वकील

पहिल्याच ओळीत घेते.

निवृत्त_अंमलदार

सही करतो. न्यायाधीशांबद्दल मन वळलंय, सुट्टीच्या दिवशी रिमांडला न्यायाधीश असतात तसे याला ठेवता येतील. कळवण्याला मात्र माझा विरोध कायम आहे, पत्रात तो विषय नको.

पण एक अडचण तुमच्या नजरेस आणून देतो, विरोध असला तरी. नियमाप्रमाणे ऐकलेल्याचं रेकॉर्ड गरज नसेल तर दर सहा महिन्यांनी नष्ट करतात. तुम्ही वर्षाने कळवणार आणि तो माणूस न्यायालयात येणार, तोवर आदेशाचा कागदही उरलेला नसेल. मग तुमचा न्यायाधीश तपासणार काय?

करवीर_वकील

काका, हे माझ्या लक्षात आलं नसतं. मग क्रमच बदलायला हवा. संभाषण ठरल्या वेळी नष्ट करा, दुसऱ्याचं खासगी बोलणं कोणाकडेच राहू नये. पण आदेश, त्यामागची कारणं आणि आढाव्याची नोंद न्यायालयाकडे सीलबंद ठेवा, कळवून झाल्यावर आव्हानाची मुदत संपेपर्यंत. आमदारांच्या पत्रात हे घालत नाही, तुम्ही म्हणता तसं. बेंचसमोर कधी योग्य प्रकरण आलं तर त्यात मांडीन. तुमचं खबऱ्यांबद्दलचं म्हणणं मला लेखी द्याल का? त्याशिवाय तो मसुदा एकतर्फी होईल.

निवृत्त_अंमलदार

देतो. नावं सोडून सगळं लिहितो.